चौथ्या वेळी वाटेत बसायचं का?

तोक्योच्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय सदतीस, नोकरी आयटीतली, माहेर सातारा जिल्ह्यात. धाकट्या भावाचं कर्ज त्यांनी आजवर तीनदा फेडलं. पहिल्यांदा मोबाइलच्या दुकानात आलेली खोट भरून दिली, मग क्रेडिट कार्डाची थकबाकी. गेल्या दिवाळीच्या सुमारास चार लाख पाठवले, त्यांचा हिशेब भावाने धड दिलाच नाही. आता चौथ्यांदा फोन आला आहे, आणि वसुलीवाले आईच्या मोबाइलवरही फोन करू लागले आहेत. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ जपानी सहकाऱ्यापाशी त्यांनी मन मोकळं केलं तेव्हा ते म्हणाले, “होतोके नो काओ मो सान्दो.” बुद्धाचा चेहरासुद्धा तीनदाच. ते या भगिनींना इतकं पटलं की त्यांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाकलं, “बुद्धसुद्धा तीनदाच माफ करतो. माझं आता झालं.” भाऊ ग्रुप सोडून गेला. आई फोनवर हो-नाहीपलीकडे बोलत नाही. त्या विचारतात: “तीनदा माफ करून चौथ्यांदा दार लावलं, तर चुकलं का माझं? बुद्धाने केलं तेच मी करतेय ना? मे महिन्यात गावी जायचंय. भावाशी बोलू की नको?”

*

चौथ्यांदा पैसे पाठवू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ‘आता ही बाई आपल्याला क्षमेवर प्रवचन देणार’ ही धास्ती मनात ठेवून तुम्हाला पुढचं वाचावं लागणार नाही. मात्र ‘बुद्धाने केलं तेच मी करतेय ना?’ याला माझं उत्तर ‘अजून नाही’ असं आहे. आणि ज्या म्हणीच्या आधाराने तुम्ही ग्रुपवर तो निरोप टाकलात, तिच्यामागची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. ती सांगते, कारण तुमच्या अडचणीला ती म्हणीपेक्षा जास्त लागू पडते.

आधी म्हण. तुमच्या सहकाऱ्याने सांगितलं ते तिचं आखूड रूप. पूर्ण म्हण अशी की बुद्धाच्या चेहऱ्यावरून तीनदा हात फिरवला तर त्यालाही राग येतो. माणूस कितीही शांत असो, त्याला गृहीत धरून पुन्हा पुन्हा त्याची अप्रतिष्ठा केली तर तो चिडणारच, एवढाच तिचा रोख. क्योतोकडच्या ‘इरोहा कारुता’ या पत्त्यांच्या खेळात ‘हो’ अक्षराच्या पत्त्यावर ही म्हण असते, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या मुलांच्या कानांवरून ती गेली आहे. आजचे पुष्कळ जपानी लोक तिचा अर्थ ‘तीनदा माफ, चौथ्यांदा नाही’ असा घेतात. पूर्ण म्हणीत मात्र राग तिसऱ्याच वेळी येतो. काटेकोर हिशेब लावला तर तुमची मुदत गेल्या दिवाळीतच संपली होती! याच जपानीत ‘जे दोनदा घडतं ते तिसऱ्यांदाही घडतं’ अशी एक म्हण आहे आणि ‘तिसऱ्या वेळी खरं’ अशीही एक आहे. तेव्हा त्या तिनावर फार भिस्त ठेवू नका.

जपानात एवढी वर्षं आहात, तर एक गोष्ट पाहिलीही असेल. नाराच्या तोदाईजी मंदिरात महाबुद्धाच्या दालनाबाहेर बिन्झुरूची लाकडी मूर्ती बसलेली आहे. हा बुद्धांचा शिष्य पिंडोल भारद्वाज. आपलं जे दुखतं, मूर्तीच्या त्याच जागी हात फिरवायचा आणि मग स्वतःच्या अंगावर फिरवायचा, अशी रीत आहे. नागानोच्या झेन्कोजीतल्या बिन्झुरूचे तर नाकडोळे लोकांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झालेत. तीनदा हात फिरवल्यावर रागावणारा चेहरा ज्या लोकांच्या म्हणीत आहे, त्यांच्याच देवळात हजारो हात सोसणारा हा चेहरा आहे. हात कोण कशासाठी लावतोय, हे तिथेही पाहिलं जात असावं.

आता गोष्ट. जपानात या म्हणीचं मूळ सांगताना बहुधा हीच सांगतात, पण ती घडते आपल्याकडे, कोसल आणि शाक्यांच्या सीमेवर. कोसलचा राजा पसेनदी याला बुद्धांच्या कुळाशी सोयरीक हवी होती. शाक्यांना कुळाचा ताठा मोठा, आणि राजाला नकार द्यायची तर भीती. त्यांनी फसवणूक केली. महानाम शाक्याला दासीपासून झालेली मुलगी राजकन्या म्हणून दिली. तिचा मुलगा विडूडभ. सोळा वर्षांचा झाल्यावर तो हौसेने आजोळी, कपिलवस्तूला गेला. त्याच्यापेक्षा लहान असलेल्या शाक्य मुलांना त्याला नमस्कार करावा लागू नये म्हणून शाक्यांनी त्यांना आधीच बाहेर पाठवून दिलं होतं. पाहुणचार झाला, तो निघाला. मागे विसरलेलं शस्त्र आणायला त्याचा एक माणूस परतला तेव्हा एक दासी विडूडभ बसला होता तो पाट दुधापाण्याने धूत होती. ‘दासीचा पोर इथं बसला होता’ असं पुटपुटत होती. बातमी विडूडभाच्या कानी गेली. हाच पाट मी यांच्या रक्ताने धुईन, असं तो म्हणाला.

राजा झाल्यावर तो सैन्य घेऊन निघाला. सीमेजवळ बुद्ध एका विरळ पानांच्या झाडाखाली, शाक्यांच्या बाजूला, भर उन्हात बसलेले. कोसलच्या बाजूला दाट सावलीचा वड होता. विडूडभाने विचारलं, भगवन्, त्या सावलीत का बसत नाही? बुद्ध म्हणाले, नातलगांची सावली थंड असते. तेवढ्यावर तो मागे फिरला. पुन्हा निघाला, पुन्हा बुद्ध तिथेच. तिसऱ्यांदाही तसंच झालं. चौथ्या वेळी बुद्ध गेले नाहीत. शाक्यांची कत्तल झाली.

धम्मपदाच्या ४७व्या गाथेवरच्या पाली अट्ठकथेत, म्हणजे जुन्या टीकेत, ही गोष्ट आहे, भद्दसाल जातकातही आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस आगमांची, म्हणजे बुद्धवचनांच्या संग्रहांची, चिनी भाषांतरं झाली, त्यांत ती चीनमध्ये गेली आणि तिथून जपानात. बाराव्या शतकातल्या ‘कोन्जाकु मोनोगातारीशू’ या कथासंग्रहात विडूडभाने शाक्यांना मारल्याची गोष्ट जपानी वाचकांसाठी सांगितलेली आहे.

आपल्याकडे अशी गणती शंभराची. ‘शंभर भरले’ म्हटलं की पुढे काय होणार हे लहान मुलालाही ठाऊक असतं. शिशुपालाचा एकशेएकावा अपराध झाला आणि सुदर्शन सुटलं. (त्या शंभराचं वचन शिशुपालाच्या आईने आपल्या भाच्याकडून मागून घेतलं होतं, हे आपण विसरतो. तुमच्या आईंची बाजू समजून घ्यायला ही आत्याबाई बऱ्या.) तुम्ही ग्रुपवर जे लिहिलंत ते म्हण म्हणून जपानी, पण आतून ते सुदर्शनच होतं. मोजून झालं, आता शिक्षा. बुद्धांच्या गोष्टीत चौथ्या वेळी चक्र नाही, शापही नाही. म्हणीत राग आहे, गोष्टीत राग नाही. ते फक्त वाटेत बसायचे थांबले.

आणि पहिल्या तीन वेळी त्यांनी काय केलं, तेही पाहा. विडूडभाला काही दिलं नाही. शाक्यांनी केलेली फसवणूक झाकली नाही. सगळ्यांना दिसेल असं उन्हात बसून एक वाक्य बोलले. तुम्ही तीनदा केलंत ते याच्या उलट. पैसे दिलेत आणि गप्प राहिलात. पत्राच्या तळाला, कंसात, तुम्ही लिहिलं आहे की तिसऱ्या वेळचे चार लाख नवऱ्याला न सांगता पाठवले. ते वाक्य कंसात का गेलं, याचा विचार करा. माझ्या मते तुमच्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य तेच आहे. भावावरच्या रागात या लपवाछपवीचा शिणही मिसळलेला असणार, आणि तो शीण भावाने ग्रुप सोडल्याने उतरणार नाही.

म्हणून तुमचं एक गृहीत मला पटत नाही. तुम्ही म्हणता, मी तीनदा माफ केलं. तुम्ही तीनदा पैसे भरले. माफ करायला आधी काय झालं हे कळावं लागतं, आणि चार लाख कुठे गेले हे तुम्हाला आजही माहीत नाही. विडूडभ तिन्ही वेळा मागे फिरला, पण तो पाट दुधाने धुतल्याबद्दल कोणी शाक्य त्याच्याकडे गेल्याचं गोष्टीत कुठे येत नाही. मुळाला कोणी हात लावला नाही, म्हणून सैन्य चौथ्यांदा निघालं. तुमच्या भावाच्या बाबतीत मूळ काय, हे विचारायच्या आधीच तुम्ही बँकेचं ॲप उघडत आलात. दुकानातली खोट मला समजते. क्रेडिट कार्डही एकवेळ समजतं. पण हिशेब नसलेले चार लाख आणि पाठोपाठ आईला वसुलीचे फोन, हे ऐकून माझ्या मनात ऑनलाइन पैजा आणि झटपट कर्जाची ॲप्स येतात. माझा तर्क चुकीचा ठरो. पण विचारा.

‘मग मी बाजूला झाले आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर?’ असं तुम्ही थेट लिहिलेलं नाही, पण दोन ओळींच्या मध्ये ते आहे. चिनी आगमातली एक बारीक गोष्ट सांगते. तिकडे कत्तल चालू असताना बुद्धांचं डोकं दुखत होतं, असं तिथे म्हटलंय. मागच्या एका जन्मी, लहानपणी, त्यांनी एका माशाच्या डोक्यावर काठीने मारलं होतं, त्याचं ते फळ, असं कारण दिलंय. कारण बाजूला ठेवा. वाटेतून उठलेल्या माणसाचं डोकं शांत राहिलं असं ती परंपरा म्हणत नाही, एवढं घ्या. ‘नाही’ म्हटल्यावर तुम्हाला झोप लागणार नाही. आपलं चुकलं असा त्याचा अर्थ लावू नका.

त्याच आगमात म्हातारा महानामही आहे. तो राजाला म्हणतो, मी पाण्याखाली असेन तेवढा वेळ लोकांना पळू दे. राजा हो म्हणतो. महानाम तळ्यात उतरतो, आपले केस पाण्याखालच्या झाडाच्या मुळीला बांधतो आणि वर येतच नाही. मुळात फसवणूक त्याचीच, म्हणून तो बुडाला. तुम्ही कोणाला फसवलेलं नाही. तरी तीनदा केस मुळीला बांधून पाण्यात उतरलात. गोष्टीतल्या कोणासारखं वागायचं असेल तर महानामासारखं नको, एवढीच माझी विनंती.

शाक्यांचा नाश त्यांच्या आधीच्या कर्मामुळे टळणार नव्हता, म्हणून बुद्ध गेले नाहीत, असं अट्ठकथा सांगते. नदीत विष कालवल्याचं पाप, वगैरे. हा भाग वाचून कोणी ‘भोगू दे त्याला त्याच्या कर्माची फळं’ असं म्हणू नये. गेल्या जन्मीच्या कर्माची ही कल्पना बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धाची शिकवण म्हणून मानली नाही, आणि मलाही इथे तिची गरज वाटत नाही. तुमच्या भावाचं जे काय आहे ते याच जन्मातलं आहे आणि कागदावर मांडता येण्यासारखं आहे.

तेव्हा कागदावर येऊ. सगळ्यात आधी नवऱ्याशी बोला. भावाशी बोलण्याआधी, आईशी बोलण्याआधी. त्यांना राग येईल, येऊ दे. तुमच्या घरातला हा धागा मोकळा झाला नाही तोवर भावाला दिलेला नकारसुद्धा अर्धवट राहील, कारण ‘ताईने मागे दिलेच होते की’ हे हत्यार त्याच्या हातात राहतं.

मग भावाला निरोप द्या, आणि या वेळी म्हण नको. साधं लिहा: यापुढे मी तुझं कर्ज फेडणार नाही, पण ते सोडवायला तुझ्याबरोबर बसेन. ग्रुपवर नाही, फक्त त्याला. शक्यतो लिहिण्यापेक्षा फोनवर बोला. बसायचं म्हणजे काय, तर त्याने सगळी कर्जं एका वहीत मांडायची: कोणाचं, किती, किती टक्क्यांनी. कोणाचं किती कर्ज आहे याची नोंद ठेवणारे चार क्रेडिट ब्युरो देशात आहेत आणि प्रत्येकाकडून वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मिळतो. तो त्याने स्वतः काढून तुम्हाला दाखवायचा. त्यात नसलेलं कर्ज असेल तर ते कोणत्या तरी ॲपचं किंवा सावकाराचं असणार. हिशेब दाखवायला तो तयार नसेल, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालंच.

वसुलीवाल्यांचं वेगळं. आईला येणारे फोन बंद करण्यासाठी कर्ज फेडावं लागत नाही. बँका आणि नोंदणीकृत वित्त कंपन्यांच्या वसुली एजंटांनी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, घरच्यांना छळायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२मध्ये बजावलेलं आहे. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधली संपर्कयादी उघडायची नाही, हेही त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या नियमांत आहे. आईंना प्रत्येक फोनची वेळ आणि नंबर लिहून ठेवायला सांगा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. धमक्या येत असतील, फोटो बिघडवून पाठवत असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा पोलिसांत. हे काम तुम्ही तोक्योत बसूनही करू शकता, आणि आईंसाठी ते पैशांपेक्षा मोठं ठरेल.

जामीन राहू नका. भारतीय करार कायद्यात, १८७२पासून, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच धरलेली आहे. ‘ताई फक्त एक सही’ असं कधीच नसतं. आणि तुम्ही नाही म्हटल्यावर तो वळणार कुणाकडे, तर आईंकडे. घर त्यांच्या नावावर असेल, ठेव असेल, पाटल्या असतील, तर ‘मला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नकोस’ हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा. त्या चिडतील. शिशुपालाची आई आठवा आणि आवाज चढवू नका.

पैजांचं निघालं, तर ते कर्जाच्या आधीचं दुखणं आहे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण कायद्याने सवय सुटत नाही, आणि बेकायदा ॲप्स मिळतातच. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. त्याला नंबर नुसता पाठवू नका. तुम्ही आधी स्वतः फोन करून बघा, मग त्याला सांगणं सोपं जाईल. उपचाराचा खर्च करायचा असेल तर जरूर करा, थेट डॉक्टरांना द्या. कर्ज न फेडणं म्हणजे मदतीचे सगळे हात आखडणं नव्हे.

अशीच पत्रं इतरही वाचकांची येतात, तेव्हा त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगते. ही तीनची गणती मारहाणीला लावायची नसते. नवरा हात उगारतो आणि सासूबाई म्हणतात ‘दोनदाच झालंय’, तिथे तिसऱ्याची वाट बघू नका. विडूडभाला तीनदा अडवायला बुद्ध सीमेवर बसले होते, त्याच्या तलवारीखाली नाही. शिवाय सुनेला, बहिणीला, हाताखालच्या माणसाला ‘बुद्धासारखं सहन कर’ असं सांगणारा बहुधा स्वतः वडाच्या दाट सावलीत बसलेला असतो.

आता मे महिना. जा. आणि भावाशी बोला. पहिल्या दिवशी पैशांचा विषय नको, त्या दिवशी आंबे खा, आईंच्या हातचं जेवा, भाऊ ताटावर आला तर त्यालाही वाढा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला एकट्याला घेऊन बाहेर पडा आणि ग्रुपवर लिहिलेल्या वाक्याबद्दल आधी तुम्ही बोला: चारचौघांत लिहायला नको होतं, पण निर्णय तोच आहे. मग वही मागा. त्याने वही आणली नसेल तर आणायला दोन दिवस द्या, तुमची परतीची तारीख त्याला सांगून ठेवा, आणि त्या दोन दिवसांत बँकेचं ॲप नवऱ्याच्या फोनमध्ये राहू दे.